दवाखान्याचं नेटवर्क खरंच चांगलंय का, हे कसं तपासायचं

दवाखान्याचं नेट तपासायचं म्हणलं की बहुतेक जण काय करतात, मोबाईल काढतात, स्पीड टेस्ट लावतात, ९५ एमबीपीएस दिसलं की "झकास चाललंय की" म्हणतात आन् विषय संपला. आता ही टेस्ट केली कुठून तर डॉक्टर साहेबांच्या केबिनमधून, राउटर डोक्यावरच, आणि कधी तर दुपारी तीनला, ओपीडी उठल्यावर. त्यातून एवढंच कळतं की केबलवाल्यानं ज्या प्लॅनचे पैसे घेतले तो प्लॅन दिलाय. सकाळी साडेदहाला खिडकीपुढं गर्दी आहे, योजनेच्या टेबलावर महात्मा फुले योजनेच्या प्रीऑथचे (उपचाराच्या आगाऊ मंजुरीचे) कागद चढवणं चालूय, खाली सीटी चालू आहे आणि त्यातच लाईट गेली, तर काय होतं? हे तपासायचंय आपल्याला. लाईनीचा स्पीड त्यातला एक छोटा तुकडा.

हे लिहितोय ते वीस ते शंभर बेडच्या हॉस्पिटलांसाठी, जालना, बीड, परभणी, लातूर, नांदेडला स्टँडच्या मागच्या रोडला ओळीनं दिसतात ना तसल्या, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या. तिथं आयटी डिपार्टमेंट वगैरे काही नसतं, एक पोरगं असतं, तेच कॉम्प्युटर बघतं, तेच प्रिंटरचं टोनर बदलतं, तेच सीसीटीव्हीचं फुटेज काढून देतं. त्या पोरासाठी आहे हे. घाटीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्याचं गणित वेगळं, त्यात इथं पडत नाही.

आधी वही घ्या, लॅपटॉप नंतर

पेशंट दारातून आत आल्यापासून डिस्चार्ज होऊन जाईपर्यंत नेटवर्कवर कुठं कुठं काम पडतं ते चालत चालत लिहून काढा. रजिस्ट्रेशन, आभाचा (सरकारी आरोग्य ओळख नंबरचा) क्यूआर, लॅबच्या मशीनवरून सॉफ्टवेअरमध्ये जाणारा रिपोर्ट, एक्स-रे आणि सीटीच्या इमेज, त्या बघणारा रेडिओलॉजिस्ट जो बऱ्याचदा संभाजीनगरला नाहीतर पुण्याला बसलेला असतो, योजनेचं टेबल, मेडिक्लेमवाले, मेडिकलचं बिलिंग, आयसीयूतले मॉनिटर, इंटरकॉम, आणि व्हिडिओवरचा सल्ला असेल तर तोही. प्रत्येकापुढं एकच गोष्ट लिहायची, हे किती वेळ बंद पडलेलं चालतं. बिलिंग दहा मिनिटं थांबलं तर लोकं चिडतील, कागदावर लिहून घेता येईल. आयसीयूच्या मॉनिटरची सेंट्रल स्क्रीन मात्र मिनिटभरही गेलेली चालत नाही, म्हणून ती इंटरनेटवर अवलंबून असताच कामा नये, तिचा नेटवर्क स्विच (नेटच्या वायरी जोडायचा डबा) वेगळा, वायर वेगळी.

सिस्टरला, मामाला, मावशीला विचारा की कुठल्या वेळेला काय अडकतं. "दहा ते बारा मध्ये स्क्रीन गोल गोल फिरतीय" हे एक वाक्य कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगतं, कारण त्यात वेळ आहे आणि जागा आहे. मोजायला जायचं ते त्याच वेळेला, त्याच टेबलावर.

इंटरनेटला शिव्या द्यायच्या आधी आपली वायर बघा

माझ्या मते निम्म्याच्या वर तक्रारी बिल्डिंगच्या आतल्याच असतात आणि लोकं केबलवाल्याच्या नावानं बोंबलत बसतात. म्हणून सुरुवात आतून. लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप घ्या, रजिस्ट्रेशनच्या पीसीची वायर काढून त्याला लावा आणि आधी स्वतःच्याच राउटरला पिंग मारा (डेटाचा छोटा तुकडा, म्हणजे पॅकेट, पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड), चांगलं पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. वायरवरून राउटरपर्यंतचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदात यायला पाहिजे आणि एकही पॅकेट गळायला नको. इथंच गळती दिसली तर बाहेर फोन करून उपयोग नाही, घरातलंच दुखणं आहे.

मग लिंक स्पीड बघा, विंडोजमध्ये अडॅप्टरच्या स्टेटसला दिसतो. स्विच गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा), पीसी गिगाबिटचा, केबल कॅट-६, तरी तिथं १०० एमबीपीएस लिहिलंय? हे लई ठिकाणी दिसतं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण नेट तर चालूच असतं. होतं काय, केबलीत आठ तारा असतात, चार जोड्या. गिगाबिटला आठही लागतात, पण १०० वर चालायला कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनवरच्या चारच पुरतात. काउंटरखाली बघा वाकून. खुर्चीचं चाक रोज त्याच वायरीवरून जातं, वरचं प्लास्टिक चपटं झालेलं असतं, आत निळी नाहीतर तपकिरी जोडी तुटलेली असते. बाकीच्या दोन जोड्या शाबूत म्हणून लिंक मुकाट्यानं १०० वर उतरते, स्विचवरच्या दिव्याचा रंग तेवढा बदलतो, आणि सीटीच्या कन्सोलवर असं झालं तर लोकल सर्व्हरला इमेज पोचायला कित्येक पट वेळ लागायला लागतो. इलाज काय तर नवीन कनेक्टर क्रिम्प करा नाहीतर वायर बदला, शे-दोनशेचं काम.

आयपर्फ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, एक लॅपटॉप सर्व्हरच्या स्विचला, दुसरा टेबलावर, आणि दोघांमध्ये डेटा पळवून बघायचा. गिगाबिटची लाईन ठीक असेल तर ९४० च्या आसपास आकडा येतो, १०० ची असेल तर ९४. मधेच ३००-४०० आला तर वायर, जॉइंट नाहीतर लॅपटॉप, तिघांपैकी कुणीतरी दगा देतंय, लॅपटॉप बदलून परत करा म्हणजे कळेल.

केबलीची लांबी शंभर मीटरच्या आत पाहिजे, पॅच कॉर्ड धरून. आणि स्वस्तातली केबल असेल तर तार ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला माल आहे. कॅमेऱ्याला पीओईनं, म्हणजे नेटच्याच वायरीतून, लाईट देताना तसली वायर गरम होते, व्होल्टेज पडतं, जोड ढिले होतात. बॉक्सवर कॅट-६ छापलेलं असतंय, छापायला काय जातंय. फॉल्स सीलिंगच्या वर कुणीतरी पाच पोर्टचा प्लास्टिकचा स्विच लपवून ठेवलेला असतो, तोही शोधून काढा, नकाशावर टाका.

तीन आकडे समजून घ्या

डिले म्हणजे पॅकेट जायला किती वेळ लागला, जिटर म्हणजे तो वेळ किती कमीजास्त होतोय, लॉस म्हणजे किती वाटेत गळाली. बोलण्यासाठी आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीत एका बाजूनं १५० मिलिसेकंदांपर्यंतचा डिले बहुतेक वापराला चालतो असं धरलंय. पिंग मात्र जाऊन-येऊन वेळ दाखवतं, म्हणजे साधारण ३०० पर्यंत, हे विसरू नका. जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत आणि लॉस एक टक्क्याच्या आत असला तर कॉल नीट होतो, असा लाईनीतल्या लोकांचा ठोकताळा आहे. सरकारची ई-संजीवनी असो की खाजगी व्हिडिओ कॉल, चित्र अडकलं तर डॉक्टर सांभाळून घेतात, आवाज तुटला की "काय म्हणालात?" मध्येच कन्सल्टेशन संपतं. पेशंट आधीच बुजलेला असतो, म्हातारी माणसं तर दुसऱ्यांदा सांगतच नाहीत. म्हणून आवाज आधी. एक साधी टेस्ट करा, त्याच टेबलावरून कुणाला तरी कॉल लावा आणि दहा औषधांची नावं डोससकट वाचून दाखवा, समोरच्यानं लिहून घ्यायची. एक जरी चुकलं तर आकडे काहीही म्हणोत, लाईन कामाची नाही.

आता खरी मजा पुढं आहे. आता बाहेरच्या एखाद्या साइटला पिंग चालू ठेवा, २० मिलिसेकंद येतंय समजा, आणि सीटीवाल्याला सांगा इमेज पाठव म्हणून. पिंग ५००-७०० वर गेलं? मग तुमचा अपलोड चोंदलाय. मोंढ्याच्या गेटवर सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की मागचा मोटारसायकलवालाही तिथंच अडकतो, तसं कॉलचं इवलंसं पॅकेट सीटीच्या ढिगामागं उभं राहतं. स्पीड टेस्ट १०० दाखवत असते आणि तरी कॉल तुटत असतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे. यावर प्लॅन वाढवणं हा पहिला उपाय नाही. राउटरमध्ये क्यूओएस (कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सेटिंग) लावा, व्हॉइसला पुढं सोडा, आणि एकूण अपलोड प्रत्यक्ष मिळतोय त्याच्या ८५-९० टक्क्यांवर बांधून टाका. बऱ्यापैकी राउटरमध्ये ही सोय असते, केबलवाल्यानं फुकट दिलेल्या डबड्यात बहुधा नसते.

सीटीचं गणित एकदा कागदावर करा

सीटीची एक इमेज ५१२ बाय ५१२ पिक्सेलची, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. तीनशे इमेजचा अभ्यास (म्हणजे एका तपासणीच्या सगळ्या इमेज) दीडशे एमबी, पातळ स्लाइसचा हजार इमेजचा असेल तर पाचशे. आता एमबी आणि एमबीपीएस मध्ये आठचा फरक असतो, बाइट आणि बिट, इथं भले भले गंडतात. तुमचा प्लॅन "शंभरचा" असेल पण अपलोड दहाचाच असेल, तर दीडशे एमबी जायला दोन मिनिटं आणि पाचशे जायला पावणेसात मिनिटं, तेही लाईन पूर्ण मोकळी असताना. पॅरालिसिसच्या पेशंटला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्याकडं खेड्यातून जीपनं येण्यातच त्यातले तास दीड तास गेलेले असतात, त्यात पुढं तीन पेशंटांच्या इमेज रांगेत असल्या तर मग बघायलाच नको. म्हणून प्लॅन घेताना अपलोड किती हे आधी विचारा, लेखी घ्या. सॉफ्टवेअरमध्ये लॉसलेस कॉम्प्रेशन असेल तर चालू करा, साइज अर्ध्यावर येऊ शकते, इमेजचं काही बिघडत नाही.

सीटीच्या कन्सोलवर डायकॉम इको नावाचं बटण असतं, इंजिनिअर ते दाबून हिरवं दाखवतो आणि निघून जातो. त्यानं फक्त समोरचं यंत्र उत्तर देतंय एवढंच कळतं. टेस्ट करायची तर खरा अभ्यास पाठवा, टेक्निशियननं सेंड दाबल्यापासून रेडिओलॉजिस्टच्या स्क्रीनवर शेवटची इमेज उघडेपर्यंत घड्याळ लावा. एकदा सकाळी अकराला, एकदा रात्री. हा एकच आकडा डॉक्टर साहेबांना लगेच समजतो, बाकीचे जिटर-बिटर सांगत बसलात तर ते मोबाईल बघायला लागतात.

वायफाय

फोनवर एखादं वायफाय ॲनालायझर टाका आणि बेडच्या डोक्याशी, सिस्टर जिथं टॅब घेऊन उभी राहते तिथं उभे राहून सिग्नल बघा. उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून चांगला पाहिजे, उणे ७५ च्या पुढं गेला की टॅब नुसता लटकतो. एक्स-रे रूमच्या भिंती जाड असतात, भिंतीत नाहीतर दारात शिसं असतं, तिथून सिग्नल नीट जात नाही, त्या खोलीत वायरच न्या. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ एवढीच चॅनल वापरा. पेशंटच्या नातेवाईकांना फुकट वायफाय द्यायचं तर जरूर द्या पण वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच वायरीवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) आणि स्पीड बांधून, नाहीतर आयपीएल चालू झाली की लॅबचा रिपोर्ट गेला कामातून. कॅमेऱ्यांचंही तेच, एक कॅमेरा चार एमबीपीएस धरला तरी सोळा कॅमेरे ६४ होतात, १०० च्या जुन्या स्विचवर ते आणि बिलिंग एकत्र असेल तर मग बोलायलाच नको.

लाईट, ऊन आणि जेसीबी

मराठवाड्यात नेटवर्क तपासणं म्हणजे निम्मं लाईट तपासणं. सरांची परवानगी घ्या, ओटी रिकामी असेल तेव्हा, आणि मेन खाली पाडा. मग फिरून बघा काय काय विझलं. सर्व्हर यूपीएसवर असतो हो, तेवढं सगळे करतात, पण दुसऱ्या मजल्यावरचा स्विच? फायबरचा ओएनटी डबा? ते साध्या बोर्डवर असतात. इन्व्हर्टर पकडेपर्यंतच्या झटक्यात स्विच रिस्टार्ट झाला तर वर यायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि दिवसातून पाच वेळा लाईट आली-गेली तर तेवढ्या वेळा सगळ्यांचं सॉफ्टवेअर लॉगआउट. वाटेतला प्रत्येक डबा यूपीएसवर आहे का, ही तपासणी फुकटात होते आणि सगळ्यात जास्त फायदा हिचाच.

रॅक कुठं ठेवलंय बघा. जिन्याखाली, मीटरजवळ, नाहीतर पत्र्याच्या खोलीत. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४३-४४ ला जातो, बंद रॅकमध्ये त्याहून जास्त, आणि स्विच दुपारीच का हँग होतो याचं उत्तर तिथं असतं. मागं उंदराच्या लेंड्या दिसल्या तर केबली आधी बघा. दोन बिल्डिंगच्या मध्ये तांब्याची वायर टाकलेली असेल तर वळवाच्या पावसात वीज जवळ पडली की दोन्हीकडचे पोर्ट जळतात, तिथं फायबरच पाहिजे. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या, "आहे की अर्थिंग" यावर विश्वास ठेवू नका.

फायबरच्या डब्याच्या पेजवर आरएक्स पॉवर, म्हणजे आत येणाऱ्या उजेडाची ताकद, दिसते. जीपॉनमध्ये (एक फायबर अनेक गिऱ्हाइकांत वाटायची पद्धत) साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही हद्द. उणे २० च्या आसपास असेल तर निवांत, उणे २५-२६ असेल तर काठावर आहात, कुठं तरी जॉइंट खराब नाहीतर वायर जास्त वाकलीय. दर महिन्याला लिहून ठेवा, आकडा घसरायला लागला की लाईन जायच्या आधीच तक्रार टाकता येते.

आणि दोन कनेक्शन घेतलीत म्हणून खुश होऊ नका. दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून येत असतील, तर रोड रुंदीकरणाचा एक जेसीबी दोन्ही एकदम घेऊन जातो. बाहेर जाऊन मान वर करून बघा, वायर कुठून येते. दुसरं कनेक्शन दुसऱ्या दिशेनं यायला पाहिजे, नाहीतर टॉवरवरचं ४जी-५जी ठेवा, आणि महिन्यातून एकदा पहिल्याची वायर उपटून दुसरं आपोआप चालू होतं का ते बघा. कंपनी ९९ टक्के अपटाइम म्हणते तेव्हा ऐकायला भारी वाटतं, पण वर्षाचे साडेतीन दिवसांच्या वर बंद, असा त्याचा अर्थ होतो. ९९.९ म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. आणि हे पावणेनऊ तास एकाच दिवशी ओपीडीतही येऊ शकतात, त्यामुळं दुरुस्तीला किती वेळ लागणार हे वेगळं लेखी मागा.

सेफ्टीही क्वालिटीतच येते

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर (डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आला आणि ओपीडी, ॲडमिशन, लॅब सगळं कित्येक दिवस कागदावर चाललं. आपण लहान म्हणून आपल्याकडं कोण बघतंय, हा गैरसमज आहे, कारण हे हल्ले माणूस बघून येत नाहीत, उघडं पोर्ट बघून येतात. सगळ्यात कॉमन चूक म्हणजे रेडिओलॉजिस्टला घरून इमेज बघता याव्यात म्हणून राउटरवर सरळ पोर्ट फॉरवर्ड केलेलं असतं, म्हणजे बाहेरच्यांना आतल्या यंत्रापर्यंत दार उघडं. त्याऐवजी व्हीपीएन (बाहेरून आत यायचा कुलूपबंद रस्ता) लावा. सीटीचा कन्सोल जुन्या विंडोजवर असतो आणि कंपनी अपडेट करू देत नाही, मग त्याला वेगळ्या व्हीलॅनवर टाका, इंटरनेट बंद, फक्त इमेज सर्व्हरशी बोलू द्या. राउटरचा पासवर्ड ॲडमिन-ॲडमिन असेल तर पुढं वाचू नका, आधी तो बदला.

बॅकअप आहे का असं विचारायचं नाही, मागच्या महिन्यातला एक पेशंट दुसऱ्या पीसीवर परत आणून दाखव म्हणायचं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली लागतात. घड्याळाचं लोकं हसण्यावारी नेतात, पण लॅबच्या मशीनवर आणि सर्व्हरवर वीस मिनिटांचा फरक असला तर कुठलं सॅम्पल आधीचं यावरूनच वाद होतात. सगळ्या मशीनपुढं मोबाईल धरून वेळ जुळते का बघा, अर्ध्या तासाचं काम.

नोंद आणि केबलवाल्याशी बोलणं

एखादा जुना पीसी पडला असेल तर त्यावर अपटाइम कुमासारखं फुकटचं सॉफ्टवेअर टाका. राउटर, प्रत्येक मजल्याचा स्विच, सर्व्हर, बाहेरचा ८.८.८.८ (गुगलचा सर्व्हर) आणि तुमच्या सॉफ्टवेअरची साइट, एवढ्यांना दर मिनिटाला पिंग. काही बंद पडलं की टेलिग्रामवर मेसेज येतो. पंधरा दिवस तसंच चालू ठेवा, एका दिवसाच्या टेस्टवरून काही ठरवू नका, कारण बाजाराचा वार, सणानंतरचा सोमवार, पावसाचा दिवस, सगळं त्यात यायला पाहिजे. शंभरपैकी इतके मार्क असला रिपोर्ट करू नका, ८२ मार्क मिळाले आणि आयसीयूचा स्विच यूपीएसवर नाही, असल्या मार्कांना काय चाटायचंय.

आणि केबलवाल्याला फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका, तो "राउटर बंद करून चालू करा" म्हणणार हे ठरलेलं. विंडोजमधलं पाथपिंग चालवा, ते वाटेतला प्रत्येक टप्पा (हॉप) आणि तिथली गळती दाखवतं. पहिला हॉप तुमचा राउटर, तिथं गळती शून्य. दुसरा नाहीतर तिसरा त्याचा, तिथं आणि तिथून पुढं थेट शेवटपर्यंत गळती दिसतेय, तर त्याचा वेळेसकट स्क्रीनशॉट पाठवा. मधल्या एकाच हॉपवर गळती दिसून पुढं सगळं स्वच्छ असेल तर ती धरू नका, बरेच राउटर पिंगला मुद्दाम कमी उत्तरं देतात, आणि समोरचा जाणकार असला तर तेवढ्यावरून तुम्हाला उडवून लावील. सोबत आरएक्स पॉवरचा या महिन्याचा आणि मागच्या महिन्याचा आकडा द्या, तक्रार नंबर मागून घ्या, लाईनमन आला की तो डबा उघडायच्या आधी आकडा बघा आणि तो गेल्यावर परत बघा.